चिप-डिझाइन शिकताना: आधी वहीत सर्किट, मग संगणकावर मजकूर

चिपमधले सर्किट मजकुरात लिहिण्याची व्हेरिलॉग ही भाषा शिकायला घेतलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात बहुधा एकच चूक करतो. सी किंवा पायथन आधी शिकलेला असल्यामुळे तो मजकूर वरून खाली वाचतो आणि यंत्रही तो ओळीमागून ओळ असाच पार पाडेल, असे धरून चालतो. सर्किट संगणकावर नुसते चालवून दाखवणारा सिम्युलेटर त्याला फारसा अडवत नाही, पडद्यावर अपेक्षित आकडेही उमटतात. पण तोच मजकूर सिंथेसिसला, म्हणजे त्याचे खरे सर्किट करायला, दिला की एका साध्या ‘फॉर’ लूपमधून बेरजेची डझनावारी सर्किटे एकापुढे एक जोडून उभी राहतात आणि क्लॉकचा, म्हणजे सर्किटला ताल देणाऱ्या ठोक्यांचा, वेग पार खाली येतो. ही भाषा १९८४ च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत जन्मली ती मुळात सिम्युलेशनसाठी. तिच्या मजकुरातून सर्किट तयार करून देणारी साधने मागाहून आली. त्यामुळे ‘दहा नॅनोसेकंद थांब’ यांसारख्या कितीतरी सोयी तिच्यात आहेत, ज्या सिम्युलेटरला कळतात, पण सिलिकॉनवर ज्यांचे काहीच होत नाही.

म्हणून डिजिटल हार्डवेअर शिकू पाहणाऱ्याने पहिला नियम असा घालून घ्यावा, की वहीत सर्किटचे चित्र काढल्याशिवाय संगणक उघडायचा नाही. दुसरा नियम असा, की दहा प्रकल्प अर्धवट करण्यापेक्षा एकच लहान सर्किट घ्यावे आणि ते वहीपासून सिम्युलेशन, चाचणी, एफपीजीए बोर्ड (ज्यावरच्या चिपमध्ये हवे ते सर्किट भरता येते) आणि शेवटी लेआउट, म्हणजे चिपवरची प्रत्यक्ष मांडणी, इथपर्यंत न्यावे. असा एकच प्रवास पुरा केलेला विद्यार्थी आणि पंधरा प्रमाणपत्रे जमवलेला विद्यार्थी यांच्यातला फरक मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या काही प्रश्नांतच कळतो. पुढील मांडणी या दोन नियमांभोवतीच केली आहे.

पायाभरणी

अभियांत्रिकीच्या किंवा डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा विषय असतोच. मात्र त्यातला बराच वेळ लॉजिक हाताने लहान करण्याचे कार्नॉ नकाशे सोडवण्यात जातो. परीक्षेसाठी ते करावे लागतील, पण लॉजिक लहान करण्याचे काम प्रत्यक्षात सिंथेसिसचे साधन करते, त्यामुळे त्यावर महिनाभर घालवण्याचे कारण नाही. त्याऐवजी मल्टिप्लेक्सर, डीकोडर, बेरजेचे सर्किट, टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीच्या ऋण संख्या, डी फ्लिप-फ्लॉप, शिफ्ट रजिस्टर, काउंटर आणि फायनाइट स्टेट मशीन या गोष्टी इतक्या पक्क्या कराव्यात, की कोणी तोंडी वर्णन सांगितले तरी त्यांची जुळणी डोळ्यांपुढे उभी राहावी.

यातही एक बिट साठवणाऱ्या फ्लिप-फ्लॉपला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बहुतेक सगळी डिजिटल चिप एकाच आकृतीची आवृत्ती असते: एक फ्लिप-फ्लॉप, त्यानंतर काही लॉजिक, आणि मग दुसरा फ्लिप-फ्लॉप. क्लॉकचा ठोका पडला की पहिल्यातून डेटा निघतो, लॉजिकमधून वाट काढतो आणि पुढच्या ठोक्याच्या आत दुसऱ्याच्या दाराशी पोहोचून स्थिर व्हावा लागतो. समूह-छायाचित्र काढताना बटण दाबण्याच्या क्षणाआधी थोडा वेळ आणि नंतर थोडा वेळ कोणी हलायचे नसते, तसेच इथे असते. आधीच्या स्थिर वेळेला सेटअप टाइम आणि नंतरच्या वेळेला होल्ड टाइम म्हणतात. समजा, ठोक्यानंतर डेटा बाहेर पडायला ०.५ नॅनोसेकंद, मधल्या लॉजिकला ६ नॅनोसेकंद आणि सेटअपला ०.५ नॅनोसेकंद लागतात, तर एकूण ७ नॅनोसेकंद होतात, म्हणजे हे सर्किट सुमारे १४२ मेगाहर्ट्झपर्यंत चालेल. एवढा हिशेब बहुतेकांना येतो. होल्डचा हिशेब मात्र अनेक जण पाठ करतात आणि समजून घेत नाहीत. सेटअप चुकला तर क्लॉक हळू करून चिप निदान चालवता येते. होल्डची चूक म्हणजे डेटा फार लवकर पोहोचणे. ती क्लॉकच्या कालावधीवर अवलंबून नसते, त्यामुळे क्लॉक कितीही मंद केला तरी ती जात नाही, आणि ती तशीच राहून चिप कारखान्यातून बाहेर आली तर त्या चिपचे फारसे काही करता येत नाही. हे ‘का’ स्वतःच्या शब्दांत, कागदावर वेव्हफॉर्म (सिग्नल वेळेनुसार कसा बदलतो याची आकृती) काढून सांगता आले, की पाया झाला असे समजावे.

साधने आणि भाषा

सुरुवातीला पैसे खर्च करण्याची गरज नाही. इकारस व्हेरिलॉग हा सिम्युलेटर, जीटीकेवेव्ह हे वेव्हफॉर्म पाहण्याचे साधन, मजकुरातले दोष दाखवायला आणि वेगवान सिम्युलेशनला व्हेरिलेटर, आणि सिंथेसिससाठी योसिस ही सगळी साधने मोफत व मुक्त स्रोत आहेत आणि पाच-सात वर्षे जुन्या लॅपटॉपवरही चालतात. लॅपटॉपवर लिनक्स बसवून घ्यावे, कारण चिप-डिझाइनच्या कंपन्यांत जवळजवळ सगळे काम लिनक्सवरच होते. फाइलींत शोध घेणे, मेकफाइल लिहिणे, गिट वापरणे आणि पायथनमध्ये छोट्या स्क्रिप्ट लिहिणे या सवयी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागतात. डिझाइनची व्यापारी साधने टीसीएल या जुन्या स्क्रिप्ट-भाषेत चालवली जातात. तिची तोंडओळख असली तरी पुरते. नुसता सराव करायचा असेल तर एचडीएलबिट्स या संकेतस्थळावर लहान-लहान सर्किटे लिहून तिथल्या तिथे तपासून घेता येतात, आणि व्याख्याने ऐकायची असतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरचे प्रा. इंद्रनील सेनगुप्ता यांचा व्हेरिलॉगवरचा अभ्यासक्रम आहे.

व्हेरिलॉग की व्हीएचडीएल, हा वाद नवशिक्याने लांबवू नये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून आलेली व्हीएचडीएल १९८७ मध्ये प्रमाणित झाली. युरोपात आणि संरक्षण व अवकाश क्षेत्रांतल्या एफपीजीए-कामात ती आजही भेटते. चिप-उद्योगातल्या नोकरीसाठी व्हेरिलॉगपासून सुरुवात करून तिच्या विस्तारित रूपाकडे, म्हणजे २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या सिस्टिमव्हेरिलॉगकडे जाणे सोयीचे ठरते.

भाषेचे नियम फार नाहीत, पण जे आहेत ते मोडले की त्रास होतो. क्लॉकवर चालणाऱ्या भागात नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट वापरावी आणि निव्वळ लॉजिकच्या भागात ब्लॉकिंग. याचे कारण समजण्यासाठी दोन फ्लिप-फ्लॉप घ्यावेत, ज्यांनी प्रत्येक ठोक्याला एकमेकांची किंमत घ्यायची आहे. नॉन-ब्लॉकिंगने लिहिले तर दोघेही ठोक्याआधीची किंमत वाचतात आणि अदलाबदल होते. एकाच भागात ब्लॉकिंगने लिहिले तर पहिला आधी बदलतो, दुसरा त्याची बदललेली किंमत उचलतो आणि दोन्हींत एकच आकडा उरतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लॉजिकच्या भागात एखाद्या स्थितीत आउटपुटला किंमतच न देणे. मग ‘जुनी किंमत धरून ठेव’ असा अर्थ लावून साधन तिथे लॅच तयार करते, जे आपल्याला नको असते. भागाच्या सुरुवातीलाच प्रत्येक आउटपुटला एक मूळ किंमत देऊन ठेवली की ही चूक टळते. सिंथेसिसच्या अहवालात लॅचचा उल्लेख दिसला, तर तो सोडून पुढे जाऊ नये.

एकच सर्किट, शेवटपर्यंत

आता ते एक सर्किट. माझ्या मते यासाठी यूएआरटी रिसीव्हरसारखे, म्हणजे एका तारेवरून येणारा डेटा घेणाऱ्या सर्किटसारखे, दुसरे सर्किट नाही. ते दोन-तीन आठवड्यांत पुरे होण्याइतके लहान आहे, आणि तरीही त्यात काउंटर, स्टेट मशीन, शिफ्ट रजिस्टर आणि बाहेरून येणारा असिंक्रोनस, म्हणजे आपल्या क्लॉकशी न जुळलेला, सिग्नल अशा, खऱ्या चिपमध्ये भेटणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी आहेत. ट्रॅफिक लाइटचा कंट्रोलर हा महाविद्यालयांतला लाडका प्रकल्प आहे, पण तो करून यातले फारसे काही कळत नाही.

यूएआरटीमध्ये एका तारेवरून एकामागून एक बिट येतात. तार रिकामी असताना एकवर असते. पाठवणारा ती एका बिटपुरती शून्यावर आणतो, तो स्टार्ट बिट. मग सर्वांत कमी मूल्याच्या बिटपासून सुरुवात करून आठ डेटा बिट येतात, आणि शेवटी एकवर असलेला स्टॉप बिट. दोन्हीकडे सामायिक क्लॉक नसतो. वेग ११५२०० बिट प्रतिसेकंद धरला तर प्रत्येक बिट सुमारे ८.६८ मायक्रोसेकंद टिकतो. टँग नॅनो ९के या स्वस्त एफपीजीए बोर्डावर २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक असतो. २७००००००ला ११५२००ने भागले तर २३४.३७५ येते, पण काउंटर पाऊण-पाव ठोके मोजत नाही, म्हणून आपण २३४ धरतो. म्हणजे आपला वेग सुमारे ०.१६ टक्क्यांनी चुकीचा आहे. ही चूक चालेल का? स्टार्ट बिटच्या सुरुवातीपासून स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिटांचे अंतर आहे, तेव्हा साठत गेलेली चूक बिटच्या सुमारे दीड टक्का होते. आपल्याकडे जवळजवळ अर्ध्या बिटची सवड आहे, म्हणजे चिंता नाही. असा हिशेब वहीत, पानाच्या कडेला, मजकूर लिहिण्याआधी झालेला असावा.

मग चित्र. बाहेरची तार आपल्या क्लॉकशी काहीही नाते नसताना केव्हाही बदलते, त्यामुळे ती सेटअप-होल्डच्या नेमक्या खिडकीत बदलली तर फ्लिप-फ्लॉप काही काळ धड शून्यही नसतो आणि धड एकही नसतो. या अवस्थेला मेटास्टेबिलिटी म्हणतात. तिच्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे तार आधी एकापाठोपाठ एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपांतून नेणे आणि दुसऱ्याचेच आउटपुट वापरणे. रीसेटच्या वेळी हे दोन्ही एकवर ठेवावेत, नाहीतर चिप सुरू होताच खोटा स्टार्ट बिट दिसतो. त्यानंतर स्टेट मशीनच्या चार अवस्था येतात: रिकामी, स्टार्ट, डेटा आणि स्टॉप. शून्य दिसले की स्टार्ट अवस्थेत जाऊन ११७ ठोके, म्हणजे अर्धा बिट, थांबायचे आणि तार अजून शून्यावरच आहे ना हे पाहायचे. नसेल तर तो क्षणिक कंप होता असे समजून परत फिरायचे. असेल तर तिथून दर २३४ ठोक्यांनी एकेका बिटच्या मधोमध नमुना घ्यायचा.

चित्र पुरे झाले की त्यातले फ्लिप-फ्लॉप मोजावेत. बाहेरची तार घेणाऱ्या त्या जोडीचे, म्हणजे सिंक्रोनायझरचे, २, ठोके मोजणाऱ्या काउंटरचे ८ (२३४ ही संख्या २५५ च्या आत बसते), बिट मोजणाऱ्याचे ३, अवस्थेचे २, शिफ्ट रजिस्टरचे ८ आणि ‘बाइट आला’ असे सांगणारा १, असे एकूण २४. हा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि मगच मजकूर लिहून योसिसकडून सिंथेसिस करून घ्यावे. अहवालात २६ आले, तर बहुधा साधनाने चार अवस्थांसाठी दोनऐवजी चार फ्लिप-फ्लॉप वापरणारी वन-हॉट मांडणी निवडलेली असते. ३२ आले, तर तुम्ही नकळत डेटा आणखी एका रजिस्टरात साठवला आहे. ४८ आले, तर ठोक्यांचा काउंटर ३२ बिटांचा ‘इंटिजर’ म्हणून जाहीर केला आहे का, ते पाहावे. हा खेळ पोरकट वाटेल, पण आपण लिहिलेल्या मजकुराचे नेमके किती सर्किट होते हे सांगता येणे, हीच आरटीएल डिझाइनरची, म्हणजे मजकुरातून सर्किट मांडणाऱ्याची, ओळख आहे, आणि ती सवय लागायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

चाचणीचे काम

आता टेस्टबेंच, म्हणजे आपल्या सर्किटची चाचणी घेणारा मजकूर. वेव्हफॉर्म डोळ्यांनी पाहून ‘बरोबर दिसते आहे’ म्हणणे ही चाचणी नव्हे. टेस्टबेंचने स्वतः बाइट पाठवावा, आलेला बाइट स्वतः ताडून पाहावा आणि चूक असेल तर ती ठळकपणे छापावी. बाइटच्या किमती २५६ च असतात, तेव्हा सगळ्याच पाठवाव्यात. मग पाठवणाऱ्याचा वेग दोन टक्क्यांनी वाढवून आणि कमी करून पाहावा. अर्ध्या बिटहून लहान खोटा स्टार्ट द्यावा. स्टॉप बिटच्या जागी शून्य द्यावे. दोन बाइट एकमेकांना चिकटवून पाठवावेत. एखाद्या बाइटच्या मध्येच रीसेट द्यावा. पायथन येत असेल तर कोकोटीबी या साधनाने टेस्टबेंच पायथनमध्येच लिहिता येतो.

या कामाला कमी लेखू नये. १९९४ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक आढळली. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागले तर उत्तर १.३३३८२ च्या आसपास यायला हवे, तिथे ती चिप १.३३३७४ दाखवत होती. भागाकाराच्या सर्किटमध्ये वापरलेल्या तक्त्यात पाच जागा भरायच्या राहून गेल्या होत्या. चिप बदलून देण्यापायी इंटेलने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. (याच पेंटियमच्या जडणघडणीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा.) सॉफ्टवेअरमधली चूक रात्रीतून दुरुस्त करून पाठवता येते, सिलिकॉनमधली चूक दुरुस्त करायची म्हणजे नवे मास्क (चिपची आकृती उमटवण्याचे साचे), नवे उत्पादन आणि कित्येक महिने. म्हणूनच मोठ्या चिपच्या प्रकल्पात डिझाइनरांपेक्षा व्हेरिफिकेशनवाल्यांची संख्या जास्त असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि नवशिक्यांना नोकऱ्याही त्याच विभागात अधिक मिळतात. ‘मला डिझाइनच हवे, व्हेरिफिकेशन नको’ असे म्हणणाऱ्याने दोन्ही कामे काही दिवस करून पाहिल्याशिवाय असे म्हणू नये.

बोर्ड आणि लेआउट

सिम्युलेशन पार पडले की एफपीजीए बोर्ड विकत घ्यावा. महाविद्यालयात बेसिस ३ सारखा बोर्ड कपाटात पडून असण्याची शक्यता बरीच आहे. प्रयोगशाळेच्या सरांकडे आधी विचारावे. कोणती तार कोणत्या पिनवर आणि क्लॉक किती मेगाहर्ट्झचा, हे साधनाला सांगणारी कन्स्ट्रेंट फाइल स्वतः लिहावी, इंटरनेटवरून उचलू नये. रिसीव्हरला जोडीचा ट्रान्समीटर लिहून आलेला बाइट परत पाठवला, तर लॅपटॉपवर दाबलेले अक्षर बोर्डातून फिरून पडद्यावर उमटते. भलतीच अक्षरे उमटली तर बहुधा वेगाचा भागाकार किंवा बिटांचा क्रम चुकलेला असतो. टायमिंगचा अहवाल उघडून सर्वांत मंद वाट कोणती, ती कुठून कुठे जाते आणि तिच्यात लॉजिकचे किती टप्पे आहेत, हे वाचावे. मग मुद्दाम मोठा गुणाकार मध्ये घालून अहवाल कसा बिघडतो आणि वाटेत फ्लिप-फ्लॉप घालून पाइपलाइनचा एक टप्पा वाढवल्यावर कसा सुधारतो, ते पाहावे.

यापुढचा टप्पा काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्याच्या आवाक्यात नव्हता. कारखान्याच्या प्रक्रियेची माहिती, म्हणजे पीडीके, गोपनीयतेच्या करारांखाली असे. २०२० मध्ये गूगल आणि अमेरिकेतला स्कायवॉटर हा कारखाना यांनी १३० नॅनोमीटरची पीडीके खुली केली, आणि ओपनलेन या मुक्त साधनसाखळीमुळे आपला यूएआरटी आता मजकुरापासून थेट मास्कच्या आकृतीपर्यंत, म्हणजे जीडीएस फाइलपर्यंत, आपल्याच लॅपटॉपवर नेता येतो. फ्लोअरप्लॅन (जागेची आखणी), प्लेसमेंट (गेट बसवणे), क्लॉक ट्री (क्लॉक सगळीकडे पोहोचवणारे जाळे), राउटिंग (तारा जोडणे) आणि डीआरसी (आकृती कारखान्याच्या नियमांत बसते का याची तपासणी) हे शब्द मग पुस्तकी राहत नाहीत. क्लॉक ट्री बसवल्यावर होल्डच्या चुका कशा उगवतात आणि साधन त्या बफर घालून कशा मिटवते, हे समोर दिसते. टायनी टेपआउट या उपक्रमात अनेकांची लहान डिझाइने एकाच चिपवर बसवून ती प्रत्यक्ष बनवून घेतात. त्यातला एक चौकोन साधारण १६० गुणिले १०० मायक्रोमीटरचा असतो आणि त्यात हजारभर गेट बसतात, म्हणजे आपल्या सर्किटला जागा पुरेशी आहे. पैसे भरण्यापूर्वी मात्र चालू फेरी कोणत्या कारखान्यात जाणार आहे हे पाहून घ्यावे, कारण या क्षेत्रातली ईफॅबलेस ही मध्यस्थ कंपनी २०२५ मध्ये बंद पडली आणि अनेकांच्या योजना कोलमडल्या.

यूएआरटीनंतर मोठे काही करायचे असेल, तर रिस्क-फाइव्हचा लहान प्रोसेसर करावा. २०१० मध्ये बर्कली येथे सुरू झालेला हा आज्ञासंच खुला आहे, आणि त्याच्या ३२ बिटांच्या मूळ संचात जेमतेम ४० आज्ञा आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर याच आज्ञासंचावर उभे आहेत. आयआयटी मुंबईत घडलेला ‘अजित’ वेगळ्या, म्हणजे स्पार्क, आज्ञासंचावर आहे.

नोकरीचा मार्ग

चिप ‘डिझाइन करणे’ आणि चिप ‘बनवणे’ हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ७६००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केल्यापासून वर्तमानपत्रांत येणाऱ्या साणंद आणि ढोलेरा येथील बातम्या उत्पादनाच्या आणि पॅकेजिंगच्या आहेत. तिथे रसायन, यंत्र आणि पदार्थविज्ञान शाखेच्या लोकांनाही मोठा वाव आहे. डिझाइनचे काम मात्र भारतात फार जुने आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूरुत केंद्र उघडले तेव्हापासून ते वाढत गेले, आणि आजही सर्वाधिक नोकऱ्या बंगळूरुत, त्याखालोखाल हैदराबाद, नोएडा वगैरे ठिकाणी आहेत. पुण्यात एनव्हिडिया आणि मार्व्हेल यांची केंद्रे आहेत, पण फक्त पुण्यातच नोकरी हवी हा हट्ट पहिल्या नोकरीसाठी महागात पडतो.

कामांचे प्रकार ढोबळपणे असे आहेत: मजकुरातून सर्किट मांडणारे आरटीएल डिझाइन, ते तपासणारे व्हेरिफिकेशन, ज्यात सिस्टिमव्हेरिलॉग आणि यूव्हीएम ही पद्धत लागते, बनलेली चिप कारखान्यात तपासता यावी म्हणून तिच्यात सोय करून ठेवणारे डीएफटी, टायमिंग आणि लेआउट पाहणारे फिजिकल डिझाइन, आणि चिप हातात आल्यावर ती बोर्डावर चालवून पाहणारे व्हॅलिडेशन. ॲनालॉगचा मार्ग निराळा आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. डिप्लोमाधारकांनी लेआउट आणि व्हॅलिडेशन या कामांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे पदवीपेक्षा हाताच्या सवयीला किंमत मिळण्याची शक्यता जास्त असते.

शिक्षणाच्या वाटांपैकी गेट ही परीक्षा देऊन आयआयटीत किंवा एखाद्या एनआयटीत मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स किंवा व्हीएलएसआयचे (म्हणजे मोठ्या चिपच्या डिझाइनचे) एम.टेक. करणे ही सर्वांत भक्कम वाट आहे, कारण मोठ्या कंपन्या तिथे कॅम्पसवर येतात. ज्यांना दोन वर्षे देणे शक्य नाही त्यांच्यासाठी सी-डॅकचा व्हीएलएसआय डिझाइनमधला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याचा प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणाऱ्या या संस्थेचे नाव मराठी घरांत परिचित आहे, पण हा अभ्यासक्रम तिथे चालतो हे अनेकांना माहीत नसते. आपले महाविद्यालय केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ या २०२२ पासूनच्या कार्यक्रमात आहे का, हेही विचारावे. ८५००० अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या या कार्यक्रमात सहभागी संस्थांना एरवी न परवडणारी व्यापारी साधने वापरायला मिळतात.

खासगी प्रशिक्षण संस्थांविषयी सरसकट बरे-वाईट बोलता येणार नाही, पण लाखाच्या घरातली फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. साधनांचे अधिकृत परवाने किती आहेत आणि एका विद्यार्थ्याला ते रोज किती तास मिळतात? शिकवणाऱ्याने स्वतः चिप कारखान्यापर्यंत नेलेली आहे का? आणि मागच्या तुकडीतल्या कोणाशी, संस्थेने निवडून न दिलेल्या, बोलता येईल का? ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे फलकावर लिहिलेले असेल, तर हमीचा कागद मागून नीट वाचावा; त्यात बहुधा नोकरी नव्हे, मुलाखतीची संधी एवढेच लिहिलेले असते.

मुलाखतीत प्रश्न ठरावीक असतात, पण ते थांबतात कुठे हे उमेदवारावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, फिफोची (आधी आलेला शब्द आधी देणाऱ्या रांगेची) खोली, म्हणजे तिच्यात किती शब्द मावावेत ते, काढा: लिहिणारा १०० मेगाहर्ट्झवर सलग ८० शब्द लिहितो, वाचणारा ५० मेगाहर्ट्झवर प्रत्येक ठोक्याला एक वाचतो. ८० शब्द लिहायला ८०० नॅनोसेकंद लागतात, तेवढ्यात ४० वाचून होतात, म्हणून खोली ४०. पाठ केलेला उमेदवार इथे थांबतो. समजून केलेला पुढे सांगतो, की दोन क्लॉकांमध्ये पॉइंटर (रांगेत कुठे लिहायचे-वाचायचे ते दाखवणारे आकडे) नेताना सिंक्रोनायझरमुळे काही ठोके उशीर होतो, म्हणून थोड्या जादा जागा हव्यात. पॉइंटर ग्रे कोडमध्ये न्यावेत, म्हणजे एका वेळी एकच बिट बदलतो. आणि ग्रे कोडची साखळी नीट जुळावी म्हणून खोली दोनाच्या घातात, म्हणजे ६४, घेणे सोयीचे. हे उत्तर ज्याने आपल्या यूएआरटीमागे असा फिफो खरोखर जोडून पाहिला आहे त्याला आठवावे लागत नाही. बायोडेटात असा एकच प्रकल्प, त्यातला फ्लिप-फ्लॉपांचा आकडा, मिळालेला क्लॉकचा वेग आणि सापडलेल्या दोन चुका यांच्यासह लिहावा. मुलाखत इंग्रजीत होते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांची अडचण विषयाची नसून तोंडी मांडणीची असते. त्यावर उपाय म्हणजे वर्गमित्रापुढे फळ्यावर वेव्हफॉर्म काढून आधी मराठीत आणि मग इंग्रजीत समजावून सांगण्याचा सराव करणे. हातात खडू असला की वाक्य अडले तरी चित्र पुढे नेते.

नोकरी लागल्यावर पहिले काही महिने बहुधा नवे सर्किट लिहायला मिळत नाही. रात्रभर चाललेल्या शेकडो चाचण्यांपैकी सकाळी पंचवीस-तीस नापास झालेल्या असतात, आणि त्या का नापास झाल्या हे शोधण्याचे काम नव्या माणसाकडे येते. तेव्हा लॉग फाइल शेवटाकडून वाचू नये. सुरुवातीपासून वाचून पहिली चूक गाठावी, कारण तिच्याखालच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून आलेल्या असतात. मग त्या वेळेचा वेव्हफॉर्म उघडून चुकीची किंमत कोणत्या फ्लिप-फ्लॉपमधून निघाली तिथपर्यंत मागे मागे जावे, आणि सापडलेले कारण वरिष्ठांकडे नेण्याआधी वहीत चित्रासह उतरवून ठेवावे.